सांदण, रंधा, घाटघर: प्रवरेच्या खोऱ्यात केव्हा जावे

अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात, सह्याद्रीच्या ऐन धारेला लागून, रतनगडाच्या परिसरात उगम पावणारी प्रवरा नदी ज्या डोंगरवेढ्यातून बाहेर पडते, त्यालाच सर्वसाधारणपणे भंडारदऱ्याचे खोरे म्हणतात. उत्तरेला १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाई हे महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर, वायव्येला अलंग, मदन आणि कुलंग हे तीन दुर्गम किल्ले, नैर्ऋत्येला रतनगड आणि या सर्वांच्या मधोमध धरणाचा जलाशय अशी या खोऱ्याची ठेवण आहे. पश्चिमेकडे जमीन एकाएकी संपते आणि घाटघरच्या कोकणकड्यावरून ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुका शेकडो मीटर खाली दिसू लागतो. मुंबई, पुणे आणि नाशिक या तिन्ही शहरांतून एका दिवसात गाठता येत असल्यामुळे येथे येणाऱ्यांची संख्या मोठी असते. मात्र त्यांतील पुष्कळजण सुट्टी कधी मिळते एवढाच विचार करून निघतात आणि पाहायला आलेली गोष्ट न पाहताच परततात. याचे कारण असे, की या खोऱ्यातील दोन प्रमुख आकर्षणांचा, म्हणजे धबधब्यांचा आणि सांदण दरीचा, हंगाम परस्परविरुद्ध आहे. ज्या पाण्यामुळे धबधबे उभे राहतात, तेच पाणी सांदणीची वाट बंद करते. त्यामुळे सहलीचा बेत आखताना पहिला निर्णय घ्यावा लागतो तो या दोहोंपैकी काय पाहायचे याचा.

हा पेच समजण्यासाठी येथील खडक थोडा समजून घ्यावा लागतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबलचक भेगांमधून लाव्हा वारंवार बाहेर आला, दूरवर पसरला आणि थिजला. अशा एकावर एक साचलेल्या थरांतून दख्खनचे पठार तयार झाले. या खडकाला बेसाल्ट म्हणतात आणि या थरांच्या रचनेला भूशास्त्रात ‘दख्खन ट्रॅप’ असे नाव आहे. त्यातील ‘ट्रॅप’ हा शब्द जिना या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आलेला आहे. कळसूबाईच्या किंवा रतनगडाच्या बाजू लांबून पाहिल्या तर हे नाव किती नेमके आहे ते ध्यानात येते, कारण कठीण थराचा उभा कडा, त्याखाली मऊ थराचा गवताळ उतार, पुन्हा कडा आणि पुन्हा उतार अशा पायऱ्याच तेथे दिसतात. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकून राहिले तर तो थर सच्छिद्र आणि ठिसूळ होतो, तर बुडबुडे नसलेला थर घट्ट आणि चिवट होतो. पाणी ठिसूळ थर लवकर झिजवते, वरच्या घट्ट थराचा आधार जातो आणि तो तुटून सरळ कडा उरतो. धबधबा पडतो तो अशाच तुटलेल्या कडेवरून. बेसाल्ट थंड होताना आकसतो आणि त्याला उभ्या भेगा पडतात, ही आणखी एक गोष्ट येथे महत्त्वाची आहे. सांदण दरीचे अस्तित्व अशाच भेगांमुळे आहे.

खडकाइतकाच पाऊसही या भूभागाला घडवणारा आहे. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पाने भरलेले वारे सह्याद्रीच्या भिंतीला अडून वर चढतात, वर चढताना थंड होतात आणि त्यांतील बाष्प घाटमाथ्यावर पावसाच्या रूपाने कोसळते. अशा पावसाला प्रतिरोध पर्जन्य म्हणतात. घाटघर नेमके या भिंतीच्या माथ्यावर असल्याने तेथे चांगल्या वर्षी पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, तर तेथून पूर्वेला संगमनेरकडे जाताना तो इतका झपाट्याने घटतो, की त्याच जिल्ह्यातील काही तालुके अवर्षणप्रवण म्हणून ओळखले जातात. संगमनेरला कोरडे ऊन असताना घाटघरला समोरचा माणूस दिसू नये असा पाऊस चालू असणे ही येथील नित्याची बाब आहे. म्हणूनच आपल्या गावचे आभाळ पाहून या खोऱ्यातील हवामानाचा अंदाज बांधू नये. भारतीय हवामान विभाग जिल्हावार इशारे देताना घाटमाथ्याचा उल्लेख स्वतंत्रपणे करतो आणि तोच पाहावा लागतो. विभागाच्या व्याख्येनुसार २४ तासांत ६४.५ मिलिमीटरहून जास्त पाऊस ‘जोरदार’, ११५.६ मिलिमीटरपासून ‘अति जोरदार’ आणि २०४.४ मिलिमीटरच्या पुढे ‘अत्यंत जोरदार’ समजला जातो. पिवळा इशारा सावध राहण्यासाठी, नारिंगी सज्ज राहण्यासाठी आणि लाल तातडीने कृती करण्यासाठी असतो. नारिंगी किंवा लाल इशारा असलेल्या दिवशी या खोऱ्याची सहल पुढे ढकलणे हाच शहाणपणा आहे.

मुंबईत मोसमी पाऊस पोहोचण्याची सरासरी तारीख ११ जून आणि परतण्याची ८ ऑक्टोबर आहे. घाटमाथ्याचा हंगामही साधारण त्याच मर्यादेत बसतो. जुलै आणि ऑगस्ट हे धबधब्यांचे खरे महिने होत. जलाशयाला वळसा घालणारा चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरांचा रस्ता शेंडी, मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी आणि मुतखेल अशा गावांवरून पुन्हा शेंडीला येतो, आणि या दिवसांत त्या रस्त्याच्या डोंगराकडील बाजूला पांढऱ्या धारा मोजता मोजता पुरेवाट होते. त्यांतील बहुसंख्य धारांना नावे नाहीत आणि पाऊस दोन दिवस थांबला तर त्या बारीकही होतात, कारण बेसाल्टचा घट्ट थर पाणी फारसे मुरू देत नाही. जे पडते ते लगेच वाहून जाते. नाव असलेल्या धबधब्यांत धरणाखाली दहा किलोमीटरांवर असलेला रंधा सर्वांत मोठा आहे. येथे प्रवरा सुमारे पन्नास मीटर खोल घळीत उडी घेते आणि धरण भरून सांडव्यावरून, म्हणजे जादा पाणी बाहेर सोडण्याच्या मार्गावरून, पाणी वाहू लागले की त्या उडीचा आवाज लांबूनच ऐकू येतो. मात्र रंध्याचे रूप पावसाइतकेच धरणातून किती पाणी सोडले आहे यावर अवलंबून असते, हे ध्यानात ठेवावे. धरणाच्या पायथ्याशी असलेल्या ‘अंब्रेला’ धबधब्याचेही तसेच आहे. विमोचकातून, म्हणजे धरणातून पाणी सोडण्याच्या दारातून, सुटलेले पाणी गोलसर खडकावर आदळून छत्रीसारखे पसरते, म्हणून त्याला हे नाव पडले, आणि पाणी सोडलेले नसेल तर तेथे केवळ काळा खडक असतो. निघण्यापूर्वी शेंडीतील मुक्कामाच्या ठिकाणी दूरध्वनी करून धरणाची स्थिती विचारली तर हा हेलपाटा वाचतो.

घाटघर आणि साम्रदच्या कड्यांवर याच दिवसांत उलटा धबधबा दिसतो. कोकणातून वर येणारा वारा कड्याला आपटून इतक्या वेगाने उसळतो, की कड्यावरून खाली पडू पाहणारे पाणी तुषारांच्या रूपात पुन्हा माथ्यावर फेकले जाते आणि काठावर उभ्या असलेल्या माणसाच्या पाठीवर येऊन पडते. हे दृश्य पाहण्यासारखे आहे यात शंका नाही. पण ज्या वाऱ्यामुळे ते घडते तो माणसाचाही तोल घालवू शकतो, आणि ज्या धुक्यातून ते पाहावे लागते त्या धुक्यात कड्याची कड कोठे संपते हे कळत नाही. पावसात गवताखालची माती ओल धरून सुटते आणि काठावरचा घट्ट वाटणारा दगडही पायाखालून निसटतो. कठडा असेल तेथे त्याच्या आत आणि नसेल तेथे कडेपासून निदान तीन-चार मीटर मागे थांबावे.

धबधब्याखाली भिजण्याच्या हौसेबद्दल अधिक स्पष्टपणे लिहिणे आवश्यक आहे. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. ती माणसे प्रवाहाच्या मधोमध उभी होती, पाणी काही क्षणांत वाढले आणि एकमेकांना घट्ट धरूनही त्यांना पाय रोवता आले नाहीत. पाणी असे एकदम वाढते याचे कारण डोळ्यांसमोर नसते. पाऊस वरच्या पठारावर, दृष्टीआड पडत असतो आणि त्याचे पाणी उघड्या कातळावरून काही मिनिटांत खाली पोहोचते. पाणी गढूळ होणे, त्यातून पाने आणि काटक्या वाहत येणे आणि वरून येणाऱ्या आवाजात बदल होणे या तीन खुणा दिसताच प्रवाहातून बाहेर पडून उंचावर जावे, सामान तेथेच राहिले तरी चालेल. गुडघाभर वेगवान पाणी प्रौढ माणसाला पाडू शकते. मोठ्या धबधब्याखालच्या डोहात तर उतरूच नये, कारण कोसळणारे पाणी तेथे खोल खड्डा खोदते आणि त्यातील भोवरा पोहणाऱ्यालाही खाली ओढतो. पावसाळ्यात जिल्हाधिकारी अशा ठिकाणी उतरण्यावर बंदीचे आदेश काढतात. ते पर्यटकांना आडकाठी वाटत असले तरी त्यांमागे प्रत्यक्ष मृत्यूंचा अनुभव आहे आणि ते पाळणेच योग्य आहे.

सांदण दरी हा या खोऱ्यातील सर्वांत विलक्षण भाग आहे. साम्रद गावापासून थोड्या चालीवर, सपाट वाटणाऱ्या रानात जमीन अचानक दुभंगलेली दिसते आणि त्या फटीतून वाट आत उतरते. खडकातील उभ्या भेगेच्या रेषेवर पाण्याने लक्षावधी वर्षे काम करून ही घळ कोरली आहे. ‘सांध’ किंवा ‘सांद’ म्हणजे दोन भागांमधील फट, आणि ते नाव दरीला शोभते. दोन किलोमीटरांच्या आसपास लांबी, दोनशे ते चारशे फुटांच्या भिंती आणि काही ठिकाणी दोन माणसे जेमतेम शेजारी चालतील एवढी रुंदी असे तिचे स्वरूप आहे. ती आशिया खंडातील दुसऱ्या क्रमांकाची खोल दरी असल्याचे सर्रास लिहिले जाते, ते मात्र खरे मानू नये. हिमालयातील नद्यांच्या घळी तिच्याहून कितीतरी पटींनी खोल आहेत. सांदणीचे मोल तिच्या अरुंदपणात आहे.

आत शिरल्यावर तळाशी माती जवळजवळ नसते. वरून कोसळलेले, पाण्याने गुळगुळीत झालेले, घागरीएवढ्यापासून खोलीएवढ्यापर्यंतचे धोंडे एकमेकांवर रचल्यासारखे पडलेले असतात आणि त्यांवरून हातापायांच्या आधाराने उतरावे लागते. काही धोंडे खाली येता येता दोन्ही भिंतींच्या मध्ये अडकून डोक्यावर तसेच राहिले आहेत. भिंतीजवळ जाऊन पाहिले तर काळ्या खडकात पांढरे, वाटाण्याएवढे ठिपके दिसतात. लाव्हातील जुन्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत नंतर पाण्याबरोबर आलेली खनिजे साचून ते झाले आहेत. सुरुवातीलाच पाण्याचे डोह लागतात आणि ऋतूनुसार त्यांतील पाणी घोट्यापासून छातीपर्यंत असते. भिंतींमुळे ऊन क्वचितच तळाला पोहोचत असल्याने हे पाणी भर दुपारीही गारठवणारे असते. पुढे दरी पायऱ्यापायऱ्यांनी कोकणाकडे कोसळते, तेथे दोराच्या साहाय्याने कडा उतरावा लागतो, आणि शेवटी खाली शहापूर तालुक्यातील डेहणे गावाच्या बाजूला उतरता येते किंवा करोली घाटाने पुन्हा साम्रदला चढून येता येते.

अशा घळीत पावसाळ्यात शिरणे म्हणजे नदीच्या पात्रात शिरणे होय. वरच्या रानात पडलेले सारे पाणी याच फटीतून वाहते आणि दोन्ही बाजूंना उभ्या भिंती असल्याने चढून जायला जागा नसते. म्हणून जून ते ऑक्टोबर या काळात सांदणीचा विचारच करू नये. अवकाळी पावसाचे ढग दिसत असतील तर इतर महिन्यांतही आत जाऊ नये. नोव्हेंबरच्या अखेरीपासून मार्चपर्यंतचा काळ योग्य आहे आणि त्यातही डिसेंबरनंतर डोहांतील पाणी उतरत जाते. ज्यांना दोराने उतरण्याचा सराव नाही त्यांनी पहिल्या टप्प्यापर्यंत जाऊन त्याच वाटेने परतावे. तेवढ्यातही दरीचे खरे रूप पाहायला मिळते. पूर्ण दरी उतरायची असेल तर प्रशिक्षित गिर्यारोहकांचा गट, शिरस्त्राण आणि साम्रदचा वाटाड्या या तिन्हींची गरज आहे. वाटाड्याचे मानधन हा खर्च वाचवण्याचा भाग समजू नये. कोणता धोंडा हलतो, यंदा कोणत्या डोहात किती पाणी राहिले आहे आणि ढग कोठून आले म्हणजे परतायचे, हे त्या गावच्या माणसालाच ठाऊक असते.

मेअखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंतचा एक छोटा हंगाम काजव्यांचा असतो. काजव्याच्या पोटाच्या टोकाशी ल्युसिफेरिन नावाच्या द्रव्याचा प्राणवायूशी संयोग होऊन उष्णताविरहित प्रकाश निर्माण होतो. नर तो मादीला साद घालण्यासाठी चमकवतात आणि हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर हजारोंनी जमलेले नर एका लयीत चमकू लागले की संपूर्ण झाड उजळते आणि विझते. हा प्रदेश १९८६ साली घोषित झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडतो, त्यामुळे येथे वनविभागाचे प्रवेशशुल्क आणि वेळेचे नियम लागू असतात. अलीकडे या दोन-तीन आठवड्यांत, विशेषतः शनिवारी, वाहनांच्या रांगा लागतात आणि त्यांच्या दिव्यांच्या झोतात काजव्यांची परस्परांना दिलेली साद हरवते. जमिनीवर किंवा गवतात असलेल्या माद्या पायांखाली चिरडल्या जातात. काजवे पाहायचेच असतील तर आठवड्याच्या मधला दिवस निवडावा, गाडी गावातच ठेवावी, विजेरी विझवावी आणि पायवाट सोडू नये.

पोहोचण्याचा मार्ग सोपा आहे. मुंबई किंवा नाशिकहून येणाऱ्यांनी महामार्गावरील घोटीला वळून बारीमार्गे शेंडी गाठावी, तर पुण्याहून येणाऱ्यांसाठी संगमनेर, अकोले, राजूर हा रस्ता आहे. रेल्वेने येणाऱ्यांना इगतपुरी किंवा कसारा ही स्थानके सोयीची असून पुढचा प्रवास एस.टी. किंवा जीपने होतो. शेंडीच्या पुढे घाटघर-साम्रदकडे मोबाइलचा भरवसा नसल्यामुळे रोख पैसे, भरलेली टाकी आणि घरी कळवून ठेवलेली परतीची वेळ या गोष्टी आधीच उरकाव्यात.

मुक्कामासाठी शेंडीत सर्व प्रकारची सोय आहे, तरी रतनवाडी किंवा साम्रदला एखाद्या घरी उतरणे अधिक चांगले. ही गावे प्रामुख्याने महादेव कोळी समाजाची आहेत आणि इंग्रजी सत्तेविरुद्ध उठाव करून २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेलेले राघोजी भांगरे याच तालुक्यातील देवगावचे. जुलैत येणाऱ्याला येथे खाचरांमध्ये, म्हणजे बांध घालून पाणी अडवलेल्या भातशेतांत, आवणी चाललेली दिसते. कमरेत वाकून रोपे लावणाऱ्या बायका संध्याकाळपर्यंत पावसातच असतात. अशा वेळी बांधावर गाडी चढवणे किंवा छायाचित्रासाठी खाचरात उतरणे म्हणजे कोणाचे तरी वर्षाचे अन्न तुडवणे होय. जेवायला नागलीची भाकरी आणि गावचा भात मागावा. अकोले तालुक्यातीलच कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी पारंपरिक बियाणे जपण्याचे जे काम केले आणि ज्यासाठी त्यांना पद्मश्री मिळाली, त्यामागे याच डोंगरातील भाताच्या आणि भाज्यांच्या जाती आहेत. पावसाळ्यात चहूबाजूंनी पाणी वाहत असलेल्या याच घाटमाथ्यावरील वाड्यांच्या विहिरी एप्रिल-मे महिन्यांत तळ गाठतात, कारण कातळ पाणी धरून ठेवत नाही आणि १९२६ साली पूर्ण झालेल्या विल्सन धरणाचे, म्हणजेच भंडारदऱ्याच्या धरणाचे, अकरा अब्ज घनफुटांचे पाणी मुख्यतः खालच्या बाजूच्या शेतीसाठी आहे. उन्हाळ्यात उतरणाऱ्या पाहुण्याने आंघोळीच्या दुसऱ्या बादलीपूर्वी ही गोष्ट आठवावी.

रतनवाडीचे अमृतेश्वर मंदिर आणि त्याची पुष्करणी कोणत्याही ऋतूत पाहता येते. तेथील शिखरावरच्या उभ्या पट्ट्यांत छोट्या शिखरांच्या प्रतिकृती ओळीने कोरल्या आहेत आणि पुष्करणीच्या कोनाड्यांत विष्णूच्या मूर्ती आहेत. त्यासाठी वेगळा दिवस राखण्याचे कारण नाही, पण घाईत आटोपण्याजोगेही ते नाही.

पहिल्यांदाच येणाऱ्याने आणि ज्याच्याकडे दोनच दिवस आहेत अशाने सप्टेंबरचा शेवटचा आठवडा निवडावा. तेव्हा धुके विरळ झालेले असते आणि कडे मोकळे दिसतात. मोठे धबधबे अजून वाहत असतात, पठारांवर सोनकीची पिवळी फुले असतात, भात लोंबीवर आलेले असते आणि कळसूबाईच्या लोखंडी शिड्या जुलैइतक्या निसरड्या नसतात. पहिल्या दिवशी जलाशयाचा वळसा आणि घाटघरचा कडा, दुसऱ्या दिवशी पहाटे पायथ्याच्या बारीहून कळसूबाई आणि परतताना रंधा एवढे या मुदतीत नीट होते. साम्रदला त्या वेळी सांदणीच्या मुखापर्यंत जाऊन वरूनच डोकवावे आणि गावातील वाटाड्याशी बोलून डिसेंबरची तारीख ठरवून यावे.